आकडे नीट आले की

डोंबिवली पश्चिम
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. अमृता,

जय भीम. आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

तुझं पार्सल काल मिळालं. तुझं नाव बघून वाटलं, आत चिठ्ठी असेल. खोका उलटा करून झटकला. मशीन निघालं, दोन रंगांच्या पट्ट्यांच्या दोन डब्या, टोचण्या आणि एक इंग्रजी पुस्तिका. चिठ्ठी नाही. चौदा महिन्यांनी लेकीकडून काय आलं, तर बोटं टोचायच्या सुया.

पाठोपाठ व्हॉट्सॲपवर हुकूम. ॲप टाक, माझा नंबर जोड, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही बघ. "आकडे माझ्या फोनवर आपोआप येतील, तुला काही करायला नको." म्हणजे माझ्याशी बोलायलासुद्धा नको.

ॲप मी टाकलं. पोस्टात कॉम्प्युटर आले तेव्हा अख्ख्या काउंटरला मी शिकवलेलं, तेव्हा ते जमलं नाही असं समजू नकोस. मग पत्र कशाला, म्हणशील. फोन केला तर तू उचलत नाहीस आणि मेसेजवर नुसता अंगठा टाकतेस. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं हाताळली. एवढं नक्की सांगते, पत्र आलं की माणूस ते उघडतो, रागाने का होईना.

बाबांचा पहिला स्मृतिदिन मी विसरलेले नाही. भन्तेजी नुकतेच निघाले होते, माणसं जेवायला बसली होती, आणि तू ताट बाजूला सारून सगळ्यांसमोर म्हणालीस, "आईनेच मारलं बाबांना. डायबेटिसच्या माणसाला रोज लाडू." तुझ्या मोठ्या काकूच्या हातातली पळी तशीच अधांतरी राहिली. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलले असते तर बरंच बोलावं लागलं असतं.

आता हे मशीन. मला साखर होऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत तुला माझ्या रक्तात काय आहे ते बघावंसं वाटलं नाही, आणि आता दर आठवड्याला बघायचंय. ही काळजी आहे की माझ्या स्वयंपाकघरावर बसवलेला पहारा, ते मला कळत नाही. खरं तर कळतं.

खाडीवरचा माणकोलीचा पूल झाला. पूर्वी तुझं ठरलेलं असायचं, "घोडबंदरहून डोंबिवली म्हणजे अर्धा दिवस गेला, आई. पूल होऊ दे." आता तो पूल आमच्या गॅलरीतून दिसतो. त्यावरून दिवसभर गाड्या येतात. तुझी येत नाही.

पुढच्या रविवारपासून टोचेन.

तुझी आई,
शालन


रविवार, २६ जानेवारी २०२५

चि. अमृता,

आजचे आकडे तुला पोचलेच. साखर १५२, वाईट कोलेस्टेरॉल १३४. साडेसातला तुझा मेसेज: "एलडीएल १३४?? सत्तरच्या खाली पाहिजे. काय खातेस तू? आजपासून प्रत्येक जेवणाच्या ताटाचा फोटो पाठव."

ताटाचा फोटो. साठी उलटलेल्या बाईने भाकरी मोडायच्या आधी लेकीला फोटो पाठवायचा आणि तिने होय म्हटलं की घास घ्यायचा. दुपारी तुला जो रिकाम्या ताटाचा फोटो आला, तो चुकून आला नव्हता. ताट मी मुद्दाम घासून, पुसून पाठवलं होतं.

आज दवाखाना बंद, तरी तुझ्या समाधानासाठी मशीन घेऊन डॉक्टर मंदाकिनींच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "शालनताई, साखर घरी बघता ते चांगलंच आहे. पण कोलेस्टेरॉल दर आठवड्याला बघून काय मिळणार? ते सावकाश हलतं. तीन महिन्यांनी लॅबमध्ये करू. मात्र सत्तरचं तुमची मुलगी बरोबर सांगते. रिपोर्टवर जे नॉर्मल छापलेलं असतं ते साखरवाल्यांना लागू नाही. कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी रोज घेता ना?" मी म्हटलं, घेते. तेव्हा तू अर्धी बरोबर आहेस. उरलेल्या अर्ध्याबद्दल हे पत्र आहे.

संध्याकाळी मी तुला एवढंच विचारलं होतं, कधी येतेस. तुझं उत्तर आलं: "आकडे नीट आले की येते. उगाच येऊन भांडण नको." मी ते ओट्याशी उभी राहून वाचलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही, वरणाचा लगदा झाला.

आईला भेटायला यायला अट. कुठल्या शाळेत शिकलीस हे? आम्ही तर तुला दहावीला गणितात काठावर पास झालीस तेव्हाही घरात घेतलं होतं.

बरं. नीट आकडे हवेत ना तुला? मिळतील.

आई


रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अमृता,

गेल्या रविवारी तुझा फोन आला. मशीनवर साखर २८६ आणि एलडीएल १८७ आलं, आणि दहा मिनिटांत फोन वाजला. "आई, चक्कर येतेय का? छातीत दुखतंय? खरं सांग." बावीस मिनिटं बोललीस. मध्ये रडलीस. लाडवांचं नाव काढलं नाहीस.

फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत होते. चहा टाकला, देव्हारा नाही आपल्याकडे, पण बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली. चहा पिऊन होईपर्यंत मात्र डोक्यात सणक गेली. १३४ आले तेव्हा हुकूम, १८७ आले तेव्हा रडू. मी नीट असते तर तू फोन केला असतास का? आई बरी असली तर तिची गरज नाही, असंच ना?

आज पुन्हा २९१ आणि १८९. पुन्हा तुझा फोन, यावेळी अर्धा तास. त्या आकड्यांबद्दल मला जास्त विचारू नकोस. मला बरं वाटतंय. तीन मजले चढते, मासळीबाजारात जाऊन येते.

गोमाजीकाकांनी तुझी आठवण काढली. खाली कोळीवाड्यातले, बाबांचे दोस्त. त्यांच्या जनीकाकू बोंबील वाळत घालायच्या आणि तू त्या बोंबलांवर मांजर सोडायचीस, म्हणून तुला पळवून लावायच्या. बाबा गेल्यापासून काका दर रविवारी सकाळी वर येतात, गॅलरीत बाबांच्या खुर्चीत बसतात आणि पुलाला शिव्या देतात. अडुसष्ट वर्षांचे आहेत, अजून होडी काढतात, अंगावर चिमूटभर चरबी नाही, आयुष्यात डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही. हाताची बोटं अशी टणक की सुई मोडेल.

आज जिना चढताना मात्र दोनदा थांबले. विचारलं तर म्हणाले, "वय झायला गो बाय." चहा नेहमीसारखाच घेतला, तीन चमचे साखरेचा.

आई


रविवार, २ मार्च २०२५

अमृता,

तुझं दुसरं पार्सल आलं. तू कुठल्या तरी ऑनलाइन डॉक्टरला चार रविवारचे आकडे दाखवलेस आणि त्याने मला न बघता साखरेची गोळी दुप्पट केली, कोलेस्टेरॉलची जास्त ताकदीची दिली. "आई, आजपासून सुरू कर, प्लीज." प्लीज बघून मी खरंच पाकीट फोडलं, पेल्यात पाणी घेतलं.

मग हात थांबला. ती दुप्पट गोळी मी घेतली असती तर साखर धाडकन उतरून स्वयंपाकघरात पडले असते, आणि तुझ्या फोनवर तेव्हा काहीच आलं नसतं. म्हणून सांगणं भाग आहे. सांगायची इच्छा आहे म्हणून नाही.

ते आकडे माझे नव्हते. गोमाजीकाकांचे होते.

आकडे नीट आले की येते, म्हणालीस ना? मला नीट आकडे हवे होते. माझ्या ओळखीत सगळ्यात काटक माणूस कोण, तर गोमाजी. त्यांना म्हटलं, "मशीन बिघडलंय वाटतं, तुमचं बोट द्या, बघते." त्यांनी दिलं. नळीत रक्त धरलं, पट्टीवर सोडलं, आणि वाट बघत बसले की आता कसे ऐंशी-नव्वद येतील आणि माझी लेक कशी तोंडात बोटं घालेल. आलं ते २८६ आणि १८७. मला वाटलं मशीन खरंच बिघडलं. मी स्वतःचं टोचून बघणार, तेवढ्यात तुझा फोन वाजला.

काकांनी विचारलं, "काय आला गो?" फोन वाजत होता. मी म्हटलं, "बरं आहे."

हे पहिल्या रविवारी. ते एक वेळ चुकून झालं म्हणता येईल. पुढचे तीन रविवार मी ते जाणूनबुजून केलं. ते बोट पुढे करायचे, मी टोचायची, आकडा तुझ्याकडे जायचा, तू फोन करायचीस. दर वेळी ते विचारायचे आणि दर वेळी मी म्हणायचे, बरं आहे. त्यांना खरं सांगायचं तर तुला खरं सांगावं लागलं असतं, आणि मग तुझे फोन बंद. अर्ध्या तासाच्या फोनसाठी मी शेजारच्या माणसाला अंधारात ठेवलं.

आज काका आले तेव्हा पट्ट्या संपल्या म्हणून सांगितलं. डबीत अजून आहेत. जाताना ते कठड्याला धरून उभे राहिले आणि जबडा चोळत होते. दाढ दुखते म्हणाले.

मला माझा संताप येतोय. आणि तो लिहायला बसले की तुझाच येतो. आकड्यांची अट घातलीस कशाला?

उद्या सकाळी हे स्पीड पोस्टाने टाकते. गोळ्या तुझ्या तुला परत पाठवते.

शालन


रविवार, १६ मार्च २०२५

अमृता,

बुधवारी पाच तारखेला तुझा मेसेज आला: "आई तू वेडी आहेस का? आधी काकांना डॉक्टरकडे ने. आपलं नंतर बघू." मी फोन पलंगावर फेकला. तू बरोबर होतीस, आणि त्याहून चीड आणणारं दुसरं काही नसतं.

तशीच चपला घालून खाली गेले. काका एकटेच होते, अंगणात शिमग्याच्या पताकांची दोरी सोडवत बसलेले. मी सगळं सांगितलं. रक्त तुमचं, आकडे तुमचे, साखर तीनशेला टेकलीय, आणि मी महिनाभर खोटं बोलले. वाटलं होतं, अंगावर येतील. ते हसले. म्हणाले, "शिमगा होऊ दे गो. होळीचा मान आमचे घरचा हाय. मंग जाऊ डाक्तरकडं. आन जनीला नको सांगू, सनाच्या तोंडावर कशाला?"

अमृता, हेच शब्द मी आधी ऐकले आहेत.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. २०२२च्या नोव्हेंबरच्या एक तारखेला बाबांचा रिपोर्ट आला. साखर, कोलेस्टेरॉल सगळं लाल, आणि खाली डॉक्टर मंदाकिनींनी पेनाने लिहिलेलं, हृदयाच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. बाबा म्हणाले, "अमूच्या नव्या घराचं होऊ दे. परित्राणपाठ होऊ दे, मग बघू. तिला आत्ता काही बोलू नकोस, तिचा आनंद जाईल." मी रिपोर्टच्या चार घड्या केल्या आणि पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकला. वीस तारखेला तुझ्या बाविसाव्या मजल्यावर तीच पर्स दाराच्या खुंटीला अडकवून मी दिवसभर वाढत होते. बाबा पाहुण्यांना गॅलऱ्या दाखवत फिरत होते. मी मधूनमधून त्यांच्याकडे बघायची आणि ते मान हलवून मला गप्प करायचे. त्यानंतर तुझी सासरची माणसं राहिली होती, म्हणून आणखी थोडं थांबलो. सत्तावीसला ते गेले. सव्वीस दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता.

लाडवांचं तू खोटं बोललीस. दिवाळीचे दोन खाल्ले होते त्यांनी, तेही अर्धे-अर्धे करून. तू चुकीचा आरोप केलास, त्याने माझं किती सोयीचं झालं ते तुला माहीत नाही. एवढे दिवस मला ताठ मानेने तुझ्यावर रागावता आलं. तू खरं काय ते विचारलं असतंस, तर मला मान खाली घालावी लागली असती.

एवढं सगळं माहीत असून मी पाच तारखेपासून तेरा तारखेपर्यंत पुन्हा गप्प राहिले. काकांनी जनीला सांगू नको म्हटलं म्हणून. रोज सकाळी ठरवायची, आज जनीला सांगते. खाली उतरायची तर ती पापड्या घालत असायची, नाहीतर लुगड्याला इस्त्री करत असायची, आणि म्हणायची, "शालन, यंदा होळीला तू पन ये." सणाच्या तोंडावर कसं बोलायचं? बघ, मीही तेच म्हणत होते.

होळीच्या संध्याकाळी खाडीजवळ सगळा कोळीवाडा जमलेला. बेंजो वाजत होता, बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या. मानाचं खोड काकांच्या खांद्यावर, मागून चौघांनी धरलेलं. होळीपासून दहा पावलांवर काका थांबले. लोकांना वाटलं, नाचायला थांबले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. घामाने निथळत होता, आणि एक हात जबड्याला लागलेला.

मी गर्दीत घुसले आणि खोडाला धरलं. जनीला एवढ्या मोठ्याने हाक मारली की बेंजोवाला थांबला. म्हटलं, "जनी, यांना साखर आहे, तीनशेच्या जवळ. छातीचं काहीतरी आहे. मला महिनाभर माहीत आहे."

काका ओरडले, "गप र्‍हा गो. होळी लागू दे."

"नाही लागणार," मी म्हटलं. "एकदा थांबले होते मी. माझा माणूस गेला. आता खोड खाली ठेवा, नाहीतर मी इथून हलत नाही."

कुणीतरी मला बाजूला ओढायला लागलं. मानाच्या खोडाला हात लावला म्हणून दोन बाया शिव्या देत होत्या. जनी ताट घेऊन तशीच पुढे आली. ती काकांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "तुना महिनाभर म्हाईत व्हतं? माझे दारावरून रोज जात व्हतीस, आन मना नाय सांगितलंस?"

मी होय म्हटलं. तिने ताट माझ्या हातात कोंबलं, काकांच्या दंडाला धरलं आणि रिक्षा बोलवायला सांगितली. होळी त्यांच्या पुतण्याने लावली. मी ते नैवेद्याचं ताट धरून तिथेच उभी होते, ते कुणाला द्यायचं ते मला कळत नव्हतं.

हृदयाच्या दोन नळ्या बंद निघाल्या. शुक्रवारी स्टेंट घातले. काका शुद्धीवर आहेत, आणि भयंकर चिडलेले आहेत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मान हुकला. मी काल पेज घेऊन गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जनी माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र ठेवून घेतला.

तिथून तशीच डॉक्टर मंदाकिनींकडे गेले आणि अजून एक गोष्ट कबूल केली. रात्रीची गोळी मी रोज घेत नव्हते. पोटऱ्या दुखतात म्हणून आठवड्यातून तीनदाच घ्यायची, आणि त्यांना होय म्हणून सांगायची. त्या माझ्यावर ओरडल्या. म्हणाल्या, दुखत होतं तर सांगायचं, मी गोळी बदलली असती. आता बदलून दिली आहे.

आज सकाळी सव्वासातला बोट टोचलं. माझंच. साखर १५८, एलडीएल १३९. तुझ्या फोनवर आलं असेल. हे आकडे नीट नाहीत, आणि लवकर नीट होणारही नाहीत.

बाबांचा रिपोर्ट या पाकिटात घातला आहे. मूळ आहे, घड्यांवर फाटत आलाय, सांभाळून उघड. वाचल्यावर तुला राग येईल. यायलाच हवा, आणि यावेळी तो खरा असेल. पण तो फोनवर काढू नकोस, मेसेजवर तर मुळीच नको. पूल ओलांडून ये, तीन मजले चढ, माझ्यासमोर बस आणि माझ्या तोंडावर रागाव.

आशीर्वाद राहिले आहेत. ते तेव्हा देईन.

तुझी आई,
शालन